बादलीवाली कादंबरी

लग्नानंतर मी कराडहून बोईसरला आले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. नवरा वीज केंद्रात ऑपरेटर होता. आमची भाड्याची खोली बाजाराच्या मागे होती. वर्षभर घरात बसून कंटाळले आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. गोळ्यांच्या पट्ट्या आणि माहितीचा कागद खोक्यात घालायचा, झाकण लावायचं, पुढे सरकवायचं. हात चालू, तोंड मोकळं. त्यामुळे आमच्या टेबलावर गप्पांना तोटा नव्हता.

टेबलावर आम्ही चौघी. सगळ्यांत मोठ्या मावशी कुंभवलीच्या. वसाहत झाली तेव्हा त्यांच्या घरची थोडी जमीन तिच्यात गेली होती आणि त्या बदल्यात नोकरी मिळाली होती. दुसरी सोलापूरकडची, माझ्यासारखीच नवीन लग्न झालेली. तिसरी वाणगावची मुलगी. ती सकाळच्या शटलने बोईसरला यायची आणि स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या कारखान्याच्या बसमध्ये मागच्या खिडकीशी बसायची. ती बोलत नसे. विचारलं तर हो किंवा नाय, एवढंच. सुरुवातीला मला ती गर्विष्ठ वाटली. मावशी म्हणाल्या, "तशी नाय ती. तिला शब्द काढायला जड जातं."

बोईसरला तेव्हा एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत वाचनालय होतं. ते चालवणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. पुस्तक देताना ते आधी त्यावरचं पीठ झटकत आणि मग ते का वाचू नये हे सांगत. तिथेच मला ती कादंबरी मिळाली. मुखपृष्ठ आणि पहिली पानं कधीच गळून गेली होती, त्यामुळे तिचं नाव मला तेव्हाही कळलं नाही. सर म्हणाले, "यात काही नाही. एक बडबडी मुलगी, एक घुमा मुलगा, आणि अडीचशे पानं भांडण."

मी लगेच घेतली.

गोष्ट पुण्यातल्या एका चाळवजा इमारतीतली होती. नायक बँकेत कारकून. रुमालाची घडी चौकोनी, बोलणं मोजून. नायिका नाट्यगृहाच्या खिडकीवर तिकिटं विकणारी. तिच्या घराला कधी कुलूप नसायचं, दूध शेजाऱ्यांना देऊन टाकायची आणि स्वतः काळा चहा प्यायची. दोघांची दारं समोरासमोर, नळ मात्र एकच, आणि पाणी सकाळी थोडाच वेळ. नायक सगळ्या मजल्याच्या बादल्यांवर रंगाने आकडे टाकतो आणि रांग लावतो. नायिका रोज उशिरा येते, कुणाचीही बादली पुढे घेते आणि बोलत सुटते. पहिलं भांडण बादलीवरून, पुढची सगळीही तिथूनच. म्हणून आम्ही तिला बादलीवाली कादंबरी म्हणायला लागलो.

दुपारच्या सुट्टीत डबे खाऊन झाले की कॅन्टीनच्या मागे सावलीत बसून मी वाचून दाखवायची. दोनतीन दिवसांनी माझा घसा बसला. शेजारी वाणगावची बसली होती, म्हणून पुस्तक तिच्या हातात दिलं. मला वाटलं, ती मान हलवून परत करील. तिने पान सारखं केलं आणि वाचायला लागली.

तो आवाज मला अजून आठवतो. नायिका बोलायची तेव्हा तिचा आवाज भरभर धावायचा, श्वास अपुरा पडायचा. नायक बोलायचा तेव्हा तिथे आधी जरासा विराम असायचा, आणि मग दोनच शब्द. सोलापूरवाली चावायची थांबली. मावशी म्हणाल्या, "अगो, हा आवाज कुठं ठेवला होतास?" तिने वर पाहिलं नाही. पान उलटलं.

त्या दिवसापासून वाचायचं काम तिचं आणि मतं द्यायचं आमचं.

मावशींना नायक मुळीच पसंत नव्हता. "बादल्यांवर आकडे टाकतो तो उद्या भाकऱ्या मोजंल," त्या म्हणाल्या. "अशा घरात पावना यायला घाबरतो." सोलापूरवालीचं उलट. तिचा नवरा ओला टॉवेल गादीवर टाकायचा, चपला एक इकडे एक तिकडे. नायक रुमालाची घडी घालायचा त्या प्रसंगी ती म्हणाली, "ते पान परत वाच गं." मला नायिका आवडायची, पण तिची काळजीही वाटायची. सगळ्यांशी हसून बोलणाऱ्या बाईचं दुःख कुणाला पटत नाही, असं मला वाटे. वाणगावच्या मुलीला आम्ही विचारलं तर म्हणायची, "संपू द्या आधी."

वाद टेबलावर मावेना, तेव्हा तो बसमध्ये गेला. बसचा ड्रायव्हर कुंभवलीचाच होता, मावशींच्या शेजारचा. तो त्यांना काकी म्हणायचा. सकाळी स्टेशनपासून वसाहतीपर्यंत आणि संध्याकाळी परत येताना त्याचं तोंड बंद नसे. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुठल्या कारखान्यात भरती आहे, पुढच्या ट्रकवाल्याला गाडी येते की नाही, सगळं. आमची चर्चा कानावर पडली तशी त्याने आरशातून विचारायला सुरुवात केली, "आज काय झालं, काकी? पानी आलं का?"

मावशी त्याला रोजचा भाग सांगायच्या. त्याला नायिकेचा पक्ष पक्का. "माझं सांगतो, ताई," तो मला म्हणाला, "मानूस बोलला नाय तर समोरच्याला कसं कळंल? हा बँकवाला मुका हाय. त्याच्याबरोबर तिचं जमायचं नाय."

मागच्या खिडकीतून आवाज आला, "जमंल."

सगळ्यांनी मागे पाहिलं. ती बाहेर बघत होती. ड्रायव्हर पुढचं पूर्ण वळण काही बोलला नाही, हे मावशींनी लक्षात ठेवलं आणि मला नंतर सांगितलं.

घरी माझ्या नवऱ्यानेही रजेच्या दिवशी ती कादंबरी हातात घेतली. वर्तमानपत्राशिवाय काही न वाचणारा माणूस, दुपारभर पलंगावर पालथा पडून वाचत राहिला. मी मत विचारलं. खूप विचार करून म्हणाला, "नळाचा वॉशर गेलाय. तो बदलला असता तर पाणी सगळ्यांना पुरलं असतं." मी हे टेबलावर सांगितलं तेव्हा मावशी हसून हसून खोक्यांवर पडल्या.

आमचं वाचन सावकाश चाललं होतं. नायकाची दुसऱ्या गावी बदली होते, नायिका त्याच्याशी बोलणंच बंद करते, आणि तो जाण्याच्या आदल्या दिवशी तिच्या दाराशी भरलेली बादली घेऊन उभा राहतो. तिथपर्यंत आलो आणि मुदत संपली. मी वाचनालयात मुदत वाढवायला गेले. सर म्हणाले, "नाही मिळणार. दुसऱ्याने सांगून ठेवलंय."

"कुणी?"

"नवीन सभासद आहे. ड्रायव्हर आहे कुठल्यातरी बसचा. मी त्याला चांगली प्रवासवर्णनं दाखवली. म्हणाला, बादलीचं पुस्तक पायजे."

मला हसूही आलं आणि रागही. दुसऱ्या दिवशी टेबलावर सांगितलं तर सोलापूरवाली चिडली. "याला काय घाई होती? आम्ही सांगितलं असतं की." मावशी म्हणाल्या, "त्याला मी बघते." वाणगावच्या मुलीने त्या दिवशी एकाच खोक्यात दोनदा पट्ट्या भरल्या.

पुढचे दोन दिवस बसमध्ये त्याला सगळ्यांनी छळलं. शेवट काय झाला, सांग. तो फक्त गाडी चालवत होता. दुसऱ्या संध्याकाळी बस स्टेशनसमोर आली. बायका उठायला लागल्या. त्याने सीटखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढलं, मधल्या जागेतून चालत मागे गेला आणि ते तिच्यासमोर धरलं.

"मी वाचलं नाय," तो म्हणाला. "घरी चार ओळी वाचल्या. माझ्या वाचन्यात ते काय तसं लागत नाय. तुमी वाचा. गाडीला आता काम नाय, रात्रपाळीची मानसं आनायला वेळ हाय."

तिने पुस्तक घेऊन वरचं वर्तमानपत्र सोडलं. मग म्हणाली, "इंजिन बंद करा."

त्याने इंजिन बंद केलं. बस एकदम शांत झाली, आणि बाहेरचे रिक्षावाले, वडेवाला, स्टेशनातली घंटा, सगळं ऐकू यायला लागलं. कुणी उतरलं नाही. दुसऱ्या टेबलांवरच्या बायकाही, ज्यांना गोष्ट धड माहीत नव्हती, त्याही परत बसल्या. संध्याकाळचं पिवळं ऊन खिडक्यांतून आत आलं होतं. तिने शेवटचं प्रकरण वाचलं. नायक दाराशी उभा आहे. नायिका दार उघडते आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलते, जवळजवळ चार पानं. तो ऐकतो. तिचं झाल्यावर म्हणतो, बदली रद्द करून घेतली. ती विचारते, मग आधी का नाही सांगितलं? तो म्हणतो, तू बोलत होतीस.

बसमध्ये आधी हसू फुटलं आणि मग दोघीतिघींनी डोळे पुसले. मावशींनीसुद्धा. पण लगेच म्हणाल्या, "तरी भाकऱ्या मोजंलच तो."

सोलापूरवालीने वाणगावच्या मुलीला पकडलं. "संपलं ना आता? तुझं मत सांग. एवढी उलट माणसं संसार करतील का?"

तिने पुस्तक मिटलं. आम्हाला वाटलं, हो किंवा नाय येईल.

"ती दोघं उलट नायत," ती म्हणाली. "ती बोलते तेव्हा लोक हसतात आन् आपल्या कामाला जातात. तिचं शेवटपर्यंत कोन ऐकत नाय. हा एकटा जागेवर उभा असतो, भांडन असलं तरी. आन् त्याला कोन काय विचारत नाय. ती विचारते. बादली भांडायला लागते म्हनून हाय, नायतर दोघांना एकमेकांकडे जायला काय कारन व्हतं?"

एवढं ती वर्षभरात बोलली नव्हती. ड्रायव्हर दांड्याला धरून उभा होता. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, परत मिटलं. मग शटलची वेळ झाली, म्हणून ती पिशवी घेऊन उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या खिडकीशी न बसता पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. मावशींनी मला कोपर मारलं.

महिन्याभराने मावशी मला म्हणाल्या, "रविवारी वाणगावला यायचं. ड्रायव्हरच्या घरच्यांनी मागणी घालायला मला पुढं घातलंय. तू शिकलेली हायस, बोलायला बरी."

वाणगावला तिच्या वडिलांची थोडी मिरचीची वाडी होती. अंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या, आणि आम्ही दोघी शिंकत शिंकत ओटीवर बसलो. मी कराडकडचं अदबशीर बोलणं सुरू केलं होतं, पण मावशींनी मला थांबवून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिच्या वडिलांनी मुलाला स्टेशनवर पाहिलेलं होतं.

"ऐकलाय मी त्याला," ते म्हणाले. पाहिलाय म्हणाले नाहीत. "माझी पोरगी बोलत नाय आन् ह्यो थांबत नाय. घरात कसं व्हनार?"

त्यांनी मुलीला बाहेर बोलावलं. ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली. "तुला काय वाटतं?"

"मी सांगितलं तवा त्यांनी गाडी बंद केली," ती म्हणाली.

वडिलांना त्याचा अर्थ लागला नाही. ते आमच्याकडे बघायला लागले. मी त्यांना बसमधली ती संध्याकाळ पहिल्यापासून सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधेच एकदा म्हणाले, "हिनं? इतकं वाचलं?" शेवटी चहा आला, आणि चहाबरोबर त्यांचा होकार.

लग्न वाणगावलाच अंगणात झालं. आमचं अख्खं टेबल गेलं, माझा नवराही आला. वाचनालयातले सर आमंत्रण नसताना मावशींच्या सांगण्यावरून आले. सगळ्यांत जास्त मजा आली ती उखाण्याला. बायकांनी नवरीला घेरलं. ती बोलणार नाही असं गृहीत धरून तिच्या आत्याने एक छोटासा उखाणा तिच्या कानात सांगून ठेवला होता. तिने तो बाजूला ठेवला आणि स्वतःचा लांबलचक उखाणा म्हटला. त्यात वसाहत आली, शटल आली, सासरची माणसं एकेक करून आली, आणि अगदी शेवटी, सगळे वाट बघत असताना, जरा थांबून तिने त्याचं नाव घेतलं. मांडवात टाळ्या वाजल्या.

मग त्याची पाळी. तो उभा राहिला, घाम पुसला, पहिली ओळ म्हटली आणि अडकला. परत पहिली ओळ म्हटली. मावशी मागून ओरडून शब्द पुरवत होत्या, मित्र हसत होते. शेवटी त्याने यमक वगैरे सोडून तिचं नुसतं नाव घेतलं आणि खाली बसला. माझ्या नवऱ्याला ते फार आवडलं. म्हणाला, "मुद्द्याचं बोलला."

पंगतीत ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि वाढप्याला म्हणाली, "ताईंना भात वाढा, त्या मागत नायत." तो समोरच्या ओळीत बसून मुकाट्याने जेवत होता, आणि मधूनमधून मान वर करून तिच्याकडे बघत होता.