मागं कुणी नाही, आण्णा

आण्णा गेल्याचं मला मोबाईलवर कळलं, आणि तेही मोटारवाल्यांच्या ग्रुपवर. भोरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या दिवशी दुपारचं प्रॅक्टिकल चालू होतं. मुली कांद्याच्या मुळाचं टोक काचपट्टीवर दाबत होत्या आणि माझा फोन टेबलावर सारखा थरथरत होता. ‘लेजंड.’ ‘आण्णासर, वुई मिस यू.’ त्याखाली जोडलेले हात आणि काळ्यापांढऱ्या चौकटींचे झेंडे. ज्या गृहस्थांनी पहिलं ‘लेजंड’ टाकलं होतं, त्यांनीच अडीच वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या मैदानावर याच माणसाला हाताच्या एका झटक्यात दोरीपलीकडे घालवलं होतं. जिवंत असताना त्यांना ‘सर’ म्हणायला यांची जीभ जड होत होती... मेल्यावर कशी सैल झाली, ते मी फोनकडे बघत वाचत राहिले.

ते ज्यांना लेजंड म्हणत होते, ते कोंडिबा पारठे हिर्डोशीचे. एसटीत चालक होते आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी भोरहून वरंधा घाटातून महाडला गाडी नेण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर ते आठवड्यातून दोन-तीनदा भोरला येऊन डेपोसमोरच्या पंक्चरच्या दुकानात स्टुलावर बसत आणि आत येणारी प्रत्येक गाडी वळताना बघून नाक मुरडत. नव्या चालकांना गिअर कळत नाही, नव्या गाड्यांना आवाज नाही, प्रवाशांना उतरायची अक्कल नाही. एवढा सर्वव्यापी तिटकारा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. मला तो पहिल्या भेटीतच आवडला, कारण माझ्याकडेही तो भरपूर आहे.

मी त्यांच्याकडे गेले त्याचं कारण माझा नवरा. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले, एक जुनी छोटी गाडी घेतली, आणि वर्षभरात कॉलेज ते घर यापलीकडे गेले नाही. मग एका विद्यार्थिनीने वेल्ह्याजवळच्या माळावर होणाऱ्या ऑटोक्रॉसची जाहिरात पाठवली, त्यात नवशिक्यांचा एक आणि बायकांचा एक असे वेगळे गट होते. मी जेवताना ती दाखवली तेव्हा नवरा घास तोंडात तसाच ठेवून हसला. “तू? अगं, तू रिव्हर्स घेताना डोळे मिटतेस.” हे खरं होतं, म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी पंक्चरच्या दुकानात जाऊन उभी राहिले. प्रत्येक चालकाच्या चुका काढणारा म्हातारा मला येताजाता तिथेच दिसायचा.

“कशाची शर्यत म्हनला?” आण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे नारिंगी शंकू मांडतात. त्यांच्यामधून ठरलेल्या वाटेने एकेकाने गाडी न्यायची, कमीत कमी वेळात परत यायचं. शंकू पडला की सेकंद वाढवतात, वाट चुकली की फेरी बाद.

“म्हंजी जायाचं कुठं?”

“कुठंच नाही. निघालो तिथंच यायचं.”

ते दुकानदाराकडे वळून म्हणाले, “शिकल्याली मान्सं हायत ही.” आणि मला म्हणाले, “रविवारी या हिर्डोशीला. सकाळच्या टायमाला. गाडी आनायची, आनि वहाणा साध्या घालून या.”

भात काढून झालं होतं. त्यांच्या घराखालच्या खाचरात जमीन वाळून टणक झाली होती. शंकू नव्हते, म्हणून आण्णांनी बायकोची, पारूबाईंची, कोंबड्या झाकायची जुनी डालगी आणून मांडली. पारूबाई बांधावर उभ्या राहून बोलतच होत्या, “मोडली तर तुमीच इना, मला सांगू नगा.” मी गाडीत बसायला निघाले तर आण्णांनी हात आडवा घातला. आधी चालायचं. त्या खाचरात त्यांनी मला आठ-दहा वेळा पायी फिरवलं. प्रत्येक डालग्याशी थांबून ‘आता फुडं काय?’ विचारलं आणि उत्तर चुकलं की पहिल्यापासून. हिर्डोशीला बस दिवसातून मोजक्या, त्यामुळे तिथल्या माणसाला चालण्याचं काही वाटत नाही. मला त्या दिवशी संध्याकाळी जिना चढवेना. मोठ्या ड्रायव्हरांनाही शर्यतीआधी वाट अशीच पायी बघावी लागते हे मला फार नंतर कळलं. आण्णांना ते कुणी सांगितलं नव्हतं. अनोळखी रस्त्यावर गाडी घालायच्या आधी खाली उतरून बघायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मग गाडीत. ते शेजारी, एक हात हँडब्रेकवर. “डालग्याकडं बघू नगा, बाई. बघाल तिकडंच जाल. फुडच्या डालग्याकडं बघा.” “ब्रेक वळनाच्या आदी. वळनात दाबला तर गाडी तुमचं ऐकत न्हाई.” “स्टेरिंगला लोंबकळू नगा, ते काय झाडाची फांदी न्हाई.” पहिल्या रविवारी मी तीन डालगी मोडली. दुसऱ्या रविवारी एकच मोडलं, पण गाडी बांधावर चढवली. आण्णा खाली उतरले, चाकाखाली बघितलं आणि म्हणाले, “वनस्पतीच शिकवा तुमी. त्या हलत न्हाईत.” मी रडले नाही. मला इतका राग आला की पुढच्या फेरीत एकही डालगं पडलं नाही. ते उतरून डालगी गोळा करायला लागले. कौतुक म्हणजे काय ते त्या माणसाला माहीतच नव्हतं...

वेल्ह्याच्या त्या पहिल्या रविवारी माळावर अर्धं पुणं उतरलं होतं. काळे चष्मे, अंगाला चिकटलेले कपडे, गाडीपेक्षा गाडीवरची चित्रं मोठी. लाउडस्पीकरवर एक मुलगा कारण नसताना ओरडत होता. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, झेंडा उलटा धरून फडकवला आणि फोटो काढून निघून गेले. तोरण्याकडून वारा येत होता आणि या मंडळींना त्या डोंगराचं नावही विचारून घ्यावं लागत होतं. मी आणि आण्णा वाट चालायला दोरीच्या आत गेलो, तेवढ्यात ते गृहस्थ आले, पुढे ‘लेजंड’ लिहिणारे. गळ्यात आयोजकाची पट्टी होती. आण्णांकडे न बघता, नुसता हात झटकत ते मला म्हणाले, “मॅडम, ड्रायव्हर लोकांनी पार्किंगमध्ये थांबायचंय. फक्त स्पर्धक आत.”

आणि मी म्हणाले, “हो हो. थांबतील ते तिकडे.”

एवढंच. हे माझे शिक्षक आहेत, असं एक वाक्य मी बोलू शकले असते. रोज पन्नास पोरांसमोर तास-तास बोलणारी बाई मी. पण त्या चष्म्यांपुढे मला वाटलं, धोतर आणि टोपीतला हा माणूस माझा शिक्षक आहे म्हटलं तर मला हसतील. इतरांच्या क्षुद्रपणाबद्दल मी एवढं लिहिते आहे, पण त्या मैदानावरचं सगळ्यात क्षुद्र वाक्य माझं होतं. आण्णा दोरीखालून वाकून पलीकडे गेले.

पहिल्या फेरीत मी वाट चुकले. फेरी बाद. पार्किंगमध्ये गेले तर आण्णा टेम्पोच्या सावलीत भाकरी खात बसले होते. “तिसऱ्या टोपीपाशी काय झोपला व्हता का?” शंकूंना ते टोप्या म्हणायचे. “डावीकडं वळायचं सोडून उजवीकडं बघत व्हता. चालून आला न्हाई नीट.” म्हणजे त्यांनी तिथून सगळं बघितलं होतं. दुसरी फेरी मी हळू पण स्वच्छ पूर्ण केली. पाच बायकांत चौथी आले, कारण पाचवीची गाडीच चालू झाली नाही.

परत येताना मी कशीबशी विषय काढला. आण्णा समोर बघत म्हणाले, “ड्रायव्हरच हाय म्या. त्यो काय खोटं बोलला?” मग म्हणाले, “तुमी हो हो म्हनला, ते मातुर ध्यानात ऱ्हाईल.” आणि ते त्यांच्या ध्यानात राहिलं. पण पुढच्या रविवारी खाचरात डालगी मांडलेली होती.

पुढच्या खेपेला मी दारातच त्या गृहस्थांना गाठून सांगितलं, हे माझे शिक्षक, हे आत येणार. त्यांनी खांदे उडवले. हळूहळू आण्णांची तिथे ओळख झाली. ओळख म्हणजे त्यांची गंमत करायची. ते कडेला उभे राहून प्रत्येकाला नावं ठेवायचे आणि पुण्याची पोरं ते ऐकायला जमायची. अशाच एकदा एक पोरगा म्हणाला, “आण्णा, नुसतं बोलता. एक फेरी मारून दाखवा की.”

“त्यात काय हाय? बाया बी मारत्यात,” आण्णा म्हणाले आणि माझं हेल्मेट टोपीवरच चढवायला गेले.

तीस वर्षं घाट चढवलेला माणूस या सगळ्यांची जिरवणार, अशी माझी खात्री होती. मी मनातल्या मनात त्या गृहस्थांचा चेहरा कसा पडेल तेही बघून घेतलं. आण्णा निघाले. गाडी अशी गेली की मागच्या सीटवरची माझी पर्ससुद्धा जागची हलली नसेल. धूळ नाही, आवाज नाही. लाउडस्पीकरवाला ओरडला, “काका, स्टँड आलं का?” आणि सगळा माळ हसला. शेवटून दुसरे आले. वर एक शंकू पडला होता.

“वाऱ्यानं पडली टोपी,” आण्णा म्हणाले. त्या दुपारी पानही हलत नव्हतं. ते त्या शंकूपाशी जाऊन उभे राहिले, झेंडेवाल्या मुलीशी भांडले, तिने बम्परवरचा नारिंगी ओरखडा दाखवला तेव्हा तो बोटाने पुसायला लागले. परतताना नसरापूर मागे पडलं. मग आण्णा एकदम म्हणाले, “बाई, त्यो फारम कुठं मिळतो?”

अशा रीतीने कोंडिबा पारठे, निवृत्त एसटी चालक, बासष्टाव्या वर्षी नवशिक्यांच्या गटात दाखल झाले. आता खाचरात ते चालवायचे आणि मी शेजारी बसायचे. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. “तिसऱ्या डालग्यापाशी झोपलात का, आण्णा?” हे मी पहिल्याच रविवारी वसूल केलं. पारूबाई बांधावर पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण आण्णा सुधारेनात. चूक एकही नाही आणि वेगही नाही. प्रत्येक वळणाआधी पाय आपोआप वर यायचा, गाडी अलगद वळायची, मग पुन्हा हळूच वेग. महिनाभर हेच झालं. शेवटी मी वैतागून ओरडले, “कुणासाठी एवढं सांभाळताय?”

त्यांनी गाडी थांबवली. आतल्या आरशात बघितलं.

“मागं म्हातारी उभी आसती, बाई. जागा न्हाई म्हनून. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं नात धरल्याली. दांडा धरायला तिला तिसरा हात कुठनं यायचा? वळनात ती पडू नये म्हनून समदं.”

“आण्णा, मागं कुणी नाही.”

“मला ठाव हाय की. पायाला ठाव न्हाई.”

मी महिनाभर या माणसाला हळू चालवतो म्हणून मनात हसत होते. माळावर जे धूळ उडवून टाळ्या घेतात, त्यांच्या मागे आयुष्यात कधी कुणी उभं राहिलेलं नसतं. त्यांच्या धाडसाला काय किंमत द्यायची, ते मला त्या खाचरात कळलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची ती फेरी झाली. झेंडा पडला आणि गाडी गेलीच. पहिल्या वळणाला मागची चाकं घसरली, धुळीचा लोट उठला, एक शंकू उडाला, पुढे आणखी एक. मी दोरी घट्ट धरून उभी होते. शंकूंनी आखलेल्या शेवटच्या चौकटीत गाडी आडवी होऊन थांबली आणि हेल्मेट काढून आण्णा बाहेर आले तेव्हा ते हसत होते. मी त्यांना तोंड उघडून हसताना तेव्हाच पाहिलं, पहिल्यांदा आणि शेवटचं.

“मागची मान्सं उतरवली समदी,” ते म्हणाले. “हितं नाक्यावरच उतरवली.”

दोन शंकूंचे सेकंद धरूनही नवशिक्यांत चौथे आले. क्लबने दिलेल्या कागदावर नाव चुकवलेलं होतं, ‘कोंडीराम’. आण्णांनी तो तसाच घडी करून खिशात ठेवला.

भाद्रपदात एका दुपारी ते नाचणीची भाकरी खाऊन आडवे झाले आणि उठले नाहीत. मी गेले तेव्हा फाट्यावर श्रद्धांजलीचा फलक लागला होता. त्यावर आण्णा पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि भोवती हात जोडलेले बारा पुढारी. क्लबला आता त्यांच्या नावाने चषक ठेवायचा आहे. ‘वेगाच्या वेडापायी जगलेला माणूस’ असं काहीतरी चार ओळींत लिहून द्या, म्हणून मला तीनदा फोन आला. वेगाचं वेड! मी लिहून दिलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी हिर्डोशीला गेले होते. पारूबाई गोठ्याला चुना देत होत्या. बादलीत चुना कालवलेला, हातात कुंचा. तीन भिंती झाल्या होत्या. चौथ्या भिंतीपाशी नेऊन त्यांनी मला विचारलं, “हे काय हाय, बाई? कोळशानं काय गिरवून ठेवलंय ह्यांनी?”

लांबलचक वळणावळणाची रेघ होती, मध्ये छोटे त्रिकोण, काही त्रिकोणांजवळ फुल्या. येत्या हिवाळ्याची वाट क्लबने ग्रुपवर टाकली होती, ती त्यांनी कुणाच्या तरी मोबाईलवरून उतरवून घेतली होती. भिंतीच्या कडेशी कोळशाच्या बोटांचे ठसे होते, रेघेवरून बोट फिरवून फिरवून उमटलेले. मी सांगितलं, कुठून निघायचं, फुलीपाशी ब्रेक दाबायचा, कुठं वळायचं. पारूबाईंनी कुंचा खाली ठेवला आणि स्वतःचं बोट त्या रेघेवरून सावकाश शेवटापर्यंत नेलं. बोट काळं झालं ते पदराला पुसलं.

“पुसायचं का?” मी विचारलं.

त्या गाईला सरकवत म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. गुरास्नी काय वाचाया येतंय?”