वरच्या ओठामागची रिंग

मंडळी, आज दुपारी मी तोंडात रिंग टोचून घेतली आणि तेव्हापासून मला स्वतःचीच किळस येते आहे.

माझ्या एकोणीस वर्षांच्या तन्वीला 'स्माइली' करायची होती. वरचा ओठ हिरडीला जिथे जोडलेला असतो, त्या पातळ पडद्यात रिंग घालायची. मोठ्याने हसलं की दिसते. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, "आई, तुला काय माहितीये त्यातलं?"

खरंच काही माहीत नव्हतं. माहीत नसताना नकार देणं मला अप्रामाणिक वाटलं. म्हणून तिला न सांगता मीच खांदेश्वरच्या एका टॅटूवाल्या दुकानात गेले.

"मुलीसाठी का, काकू?" तिथल्या पोरीने विचारलं.

"नाही. मला करायचंय."

तिने माझा ओठ उलटा करून चिमट्यात धरला. सुई आत गेली तेव्हा कागद फाटल्यासारखा आवाज थेट कानात आला. लाळ हनुवटीवर ओघळली. तोंडभर रक्ताची आणि रबरी हातमोज्यांची चव. घरी वरणभात खाल्ला, तर रिंगेत शीत अडकलं. ते जिभेने काढताना अक्षरशः उमासा आला.

संध्याकाळी तन्वीला ओठ उचलून दाखवला.

"ईऽऽ आई! काढ ते आधी! मला नको आता, प्लीज."

म्हणजे काम झालं. रिंग काढायला हरकत नाही. पण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करताना मी चार वेळा आरशात ओठ उचलून बघितलं. शिसारी येते, तरी काढवत नाही.

मग खरं सांगा, मी ही टोचून घेतली ती तन्वीसाठीच का?