पायांची करोडगिरी

मे महिन्याची दोन तारीख, १९५७, सकाळी आठ. जागा: गावातल्या बारवेचा कट्टा. हजर: पोलीस पाटील, शाळेचे हेडमास्तर, मी म्हणजे त्याच शाळेतली बाई, मुरूमहून सायकलवर आलेला आरोग्य खात्याचा माणूस, लोकांच्या पायातला नारू काढणारा गावचा न्हावी, पाणी भरायला आलेल्या आणि घागरी टेकवून ऐकत उभ्या राहिलेल्या दोन म्हाताऱ्या, आणि करोडगिरीच्या नाक्यावर पूर्वी नोकरीला असलेले जमादार. एकूण आठ.

ही नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. मला याद्या करायची सवय आहे. घरात वाणसामानाची, शाळेत गैरहजर मुलांची, आणि त्या वर्षी गावातल्या नारू झालेल्या माणसांची. ही शेवटची यादी मी आरोग्य खात्याच्या माणसासाठी केली होती. वहीची तीन पानं भरली होती.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाला फोड येतो, तो फुटतो आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढतो. हातभर लांब असतो. ओढून काढता येत नाही, तुटला तर पाय सुजतो, पिकतो. म्हणून न्हावी त्याला काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर. पंधरा-वीस दिवस माणूस काडी पायाला बांधून घरात पडून. ऐन नांगरणीच्या आणि पेरणीच्या तोंडावर हे व्हायचं. काहींचा गुडघा कायमचा आखडायचा.

आमच्या बारवेला खालपर्यंत पायऱ्या होत्या. उन्हाळ्यात पाणी खोल जाई. बायका तेवीस पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवत. नारू झालेला पाय आगीसारखा जळतो, गार पाण्यात घातला की बरं वाटतं. त्यामुळे नारू झालेलं माणूस शेवटच्या पायरीवर पाय सोडून हटकून बसायचं. आरोग्य खात्याच्या माणसानं सांगितलं ते असं, की किडा त्याचीच वाट बघत असतो. पाय पाण्यात गेला की तो पिल्लं सोडतो, ती आपण पितो, आणि वर्षानं ती आपल्या पायातून निघतात. उपाय दोन. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं. आणि नारूचा पाय पाण्यात जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी बारवेवर कुणीतरी बसायला हवं, सकाळ-संध्याकाळ, रोज.

पाटलांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी बारवेकडे. मग जमादार म्हणाले, "मी बसतो."

जमादारांबद्दल थोडं सांगायला हवं. निजामाच्या राज्यात आमच्या शिवेवर जकातीचं नाकं होतं. त्या जकातीला करोडगिरी म्हणत. अक्कलकोटकडून येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, गाठोडी सोडायची, माल बघायचा, हे काम जमादारांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं केलं. राज्य गेलं, नाकं उठलं, जमादार घरी बसले. पोलीस ॲक्शननंतर ते चावडीकडे फारसे फिरकत नसत. निजामाचा माणूस म्हणून कुणी तोंडावर काही बोलायचं नाही, पण जागा करून द्यायलाही कुणी सरकायचं नाही. त्यांना दोन मुली. थोरलीचा उजवा गुडघा नारूनं आखडला होता, ती काठी घेऊन चालायची आणि तिचं जमलेलं लग्न त्यापायी मोडलं होतं. धाकटी बारा वर्षांची.

पाटलांनी विचारलं, तुम्हाला ही दगदग कशाला? जमादारांनी साधंच उत्तर दिलं. "थोरलीचा पाय गेला. धाकटीचा जाऊ द्यायचा न्हाय. ती बी हेच पानी पिती."

दुसऱ्या दिवसापासून ते वरच्या पायरीवर पोतं टाकून बसले. पहिलाच प्रश्न बायकांचा आला. परका पुरुष बायकांच्या पायाकडे बघत बसणार, हे कुणाला रुचेल? जमादारांनी थोरल्या मुलीला शेजारी बसवलं. बायकांचे पाय ती बघायची, पुरुषांचे जमादार. फोड दिसला की ते माणूस वर बसायचं आणि त्याची घागर जमादार खाली जाऊन भरून आणायचे. तेवीस पायऱ्या खाली, तेवीस वर. पहिल्या आठवड्यात मी मोजत होते, मग सोडून दिलं.

गावानं चेष्टा केलीच. चावडीवरची माणसं विचारायची, "काय जमादार, पायावर आता किती जकात?" सभेला हजर असलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक फार तिखट होती. ती म्हणाली, "माज्या पायाला पंचाहत्तर वर्सं झाली, आन आत्ता तपासतोस व्हय रं?"

"मावशी, जुना माल हाय, म्हनूनच नीट बघाया लागतंय."

ती हसली आणि थोरलीपुढे पाय करून उभी राहिली. तेव्हापासून गावात या कामाला पायांची करोडगिरी असंच नाव पडलं. जमादारांना ते आवडलं होतं असं मला वाटतं. नाकं उठल्यापासून त्यांच्या कामाला नावच राहिलं नव्हतं.

सगळं हसण्यावारी गेलं नाही. पाटलांच्या आईला नारू झाला होता. घरात पाणी भरायला माणसं होती, पण गार पाण्यात पाय घालायला त्या पहाटेच बारवेवर आल्या. जमादार त्यांच्याही आधी येऊन बसलेले. त्यांनी आईंना उतरू दिलं नाही. बादलीभर पाणी वर आणून दिलं, बारवेपासून लांब बसून पाय बुडवा म्हणाले, आणि ते पाणी कट्ट्यापलीकडे मातीत ओतलं. पाटलांना ते लागलं. आपल्या घरच्या माणसाला अडवलं, तेही कुणी, याची बोच होती. पण आईंनीच त्यांना गप्प केलं, असं पुढे कानावर आलं.

एक चूक माझी. फडक्याचं काम माझ्याकडे होतं. मी घरोघर जाऊन पाणी गाळायला शिकवलं, कुणी जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, कुणी धोतराचा. महिनाभरानं सहज बारवेवर उभी असताना पाहिलं, तर बायका खालच्या पायरीवरच घागरीवर फडकं धरून पाणी गाळत होत्या, आणि झालं की फडकं त्याच पाण्यात खळबळून पिळत होत्या. जे गाळलं ते परत बारवेत. मी "गाळा" एवढंच सांगितलं होतं, कुठं आणि नंतर फडक्याचं काय, ते सांगितलं नव्हतं. पुन्हा सगळी घरं फिरले.

दुसरी अडचण वर्षाची होती. त्या उन्हाळ्यात नारू काही कमी झाला नाही. जमादार बसले तरी आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी फोड निघतच होते. चावडीवर म्हणू लागले की हा बसला आन नारू वाढला. खरं कारण सोपं होतं. यंदा निघणारा किडा गेल्या वर्षीच्या पाण्यातला होता. आरोग्य खात्याच्या माणसानं ते सांगितलं होतं, लोकांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी चावडीवर वही घेऊन गेले आणि सांगितलं की यंदा कुणी यश मागू नका, पुढच्या वर्षी याच दिवसांत मी दुसरी यादी करीन, तेव्हा बोला. हेडमास्तरांनी माझी बाजू घेतली. जमादार स्वतः त्या बोलण्यात पडले नाहीत. ते पाऊस लागून बारव वरपर्यंत भरेस्तोवर बसले, आणि होळीनंतर पाणी खाली गेलं तसे परत येऊन बसले.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या यादीला अर्धं पान पुरलं. मी ती चावडीवर वाचून दाखवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चावडीवर जमादारांना बसायला जागा झाली. न्हावी म्हणाला, "बाई, माझ्या धंद्यावर उठलात," आणि स्वतःच हसला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, ज्येष्ठ संपता संपता, जमादार माझ्या घरी आले. बरोबर धाकटी. तिच्या डाव्या घोट्यावर फोड होता.

ते दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. रागावले नव्हते. गाडीत काहीतरी लपवलंय असा संशय आल्यावर नाकेदार जसा विचार करतो, तसे विचार करत होते.

"बाई, नाक्यावर माल सापडला न्हाय आन गावात आला, म्हंजी आडवाट हाय. ती कुठली, ते बघा."

मी धाकटीला बसवून विचारलं. बारवेचं पाणी ती घरी गाळूनच प्यायची. मग गेल्या वर्षी याच दिवसांत आणखी कुठं पाणी प्यालीस? तिनं बराच विचार करून सांगितलं. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ती बायकांबरोबर खुरपणीला जात होती. शेत ओढ्याकाठी होतं. दुपारी सगळ्याजणी ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायच्या, ओंजळीनं.

त्या झिऱ्याचं पाणी कोण भरत होतं ते मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. वेशीबाहेरची वस्ती. त्यांना बारवेवर येऊ देत नव्हते, पिढ्यानपिढ्या नव्हते, आणि मुंबई राज्यात आल्यावर, कायदे झाल्यावरही नव्हते. त्यांच्या बायका झिऱ्यात उभ्या राहूनच घागरी भरत.

संध्याकाळी जमादार आणि मी वस्तीवर गेलो. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच वही घेऊन तिकडे गेले होते. एका घरी विचारलं, नारू कुणाला आहे का? ती बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"बाई, न्हाई कुनाला ते इचारा."

मी लिहीत गेले. बाकीचं अर्धं पान भरलं, त्याच्या पुढचंही. माझ्या तीन पानांत आणि अर्ध्या पानात यातलं एकही नाव नव्हतं. गावाची यादी करताना मी बारवेवर पाणी भरणारी घरं धरली होती, आणि तसं करताना मला एकदाही अडखळायला झालं नव्हतं. वाणसामानाच्या यादीत मीठ राहिलं तर माझ्या स्वयंपाकघरात मी स्वतःला चार शब्द सुनावते. या चुकीला काय सुनावावं ते मला अजून सुचलेलं नाही.

धाकटीचा किडा न्हाव्यानं सतरा दिवसांत अखंड काढला. पाय वाचला. थोडं लचकत चालायची, दिवाळीपर्यंत तेही गेलं. जमादारांपुरतं पाहिलं तर काम झालं होतं, त्यांनी घरी बसायला हरकत नव्हती. त्यांनी थोरलीला बारवेवर ठेवलं, ती आता एकटी काम सांभाळत होती, नारूवाल्याची घागर मागून येणाऱ्याकडून भरून घेत होती आणि तिला कुणी उलट बोलायचं नाही. स्वतः ते ओढ्यावर जाऊन बसू लागले. पण झिरा म्हणजे बारव नव्हे. त्याला ना पायऱ्या, ना कट्टा. चार बाजूंनी माणूस उतरतो, कोणाकोणाला अडवणार?

महिन्याभरात ते पाटलांकडे गेले, मला आणि हेडमास्तरांना बरोबर घेऊन. त्यांचं म्हणणं असं होतं. बारवेवर नारूवाल्या माणसाची घागर आजवर त्यांनीच भरून दिली. मग वस्तीच्या घागरीही भरून देतील. वस्तीतलं कुणी पायरी उतरणार नाही, गावातलं कुणी घागरीला हात लावणार नाही. कायद्यानं त्या लोकांचा हक्क याहून पुष्कळ मोठा आहे, हे हेडमास्तरांनी मध्येच सांगितलं. जमादार म्हणाले, ते तुम्ही शिकलेली माणसं बघा, मी आज पाण्याचं बोलतोय. मग पाटलांकडे वळले.

"आडवाट उघडी ठिऊन नाक्यावर बसलं, तर चौकीदाराला लोक हसत्यात. आजच्याला माझी पोरगी हाय. उद्या तुमची नात खुरपनीच्या बायांसंगं गेली तर?"

पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी पान दिलं, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

हे बघणं चार वर्षं चाललं आहे. मधल्या काळात वस्तीसाठी वेगळा आड खणायचं निघालं, दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर काळा खडक लागला, काम थांबलं. जमादार आता सकाळी बारवेवर दोन घागरी भरतात, कावडीला लावतात आणि वेशीबाहेर नेऊन ज्या घरी लहान मूल आहे तिथं ओततात. संध्याकाळी पुन्हा दोन. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी मदतही केली नाही. गेल्या उन्हाळ्यात गावाच्या यादीत एकही नाव नव्हतं. वस्तीच्या यादीला एक पान लागलं. आता मी यादी एकच करते, पण रकाने दोन पडतात, ते माझ्या हातात नाही.

यंदा आम्ही अर्ज लेखी केला आहे. बारवेचं पाणी वस्तीला खुलं करावं, खालच्या पायऱ्या दगडांनी बुजवून वर रहाट बसवावा, म्हणजे कुणालाच पाण्यात उतरावं लागणार नाही. मजकूर हेडमास्तरांचा, अक्षर माझं. सह्या घ्यायला मी आणि थोरली घरोघर फिरलो. न्हाव्यानं सही केली, दोघी म्हाताऱ्यांनी अंगठे दिले, पाटलांच्या आईंनीही दिला. ग्रामपंचायतीतले पंच सात. त्यातल्या तिघांच्या सह्या आहेत, चौथी मिळाली की ठराव मांडता येतो. पाटलांचे धाकटे भाऊही पंच आहेत, त्यांच्याकडे दोनदा जाऊन आलो. एकदा ते शेतावर होते, एकदा जेवत होते. बैठक सोमवारी आहे. रविवारी सकाळी पुन्हा जायचं आहे.