चीक, थुंकी आणि डोळ्यांतलं पाणी

तळेघरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बारा वर्षं काढली. भरलेली रजिस्टरं वरच्या ऑफिसात गेली, किस्से माझ्यापाशी राहिले. त्यातले बरेचसे आमच्या डॉक्टर मॅडमचे. जंतू मारणारी प्रोटीनं शरीर स्वतःच बनवतं. दुधात, थुंकीत, कातडीवर, डोळ्यांच्या पाण्यात ती असतात, हे मला त्यांनीच शिकवलं. ते ऋण मी विसरले नाही.

एक आजी सुनेचं पहिलं पिवळं दूध पिळून टाकायला निघाली. "नासकं हाय ते," म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "आजी, गाय व्याली की चीक कोणाला?"

"आदी वासराला. उरला तर खरवस."

"आधी वासराला का?"

मग आजीनंच बाळ उचलून सुनेच्या कुशीत दिलं. "पाज बाई."

भात कापताना एका बाईचं बोट विळ्यानं कापलं. ती बोट तोंडात धरूनच आली. इंजेक्शन नको म्हणाली. "मॅडम, तुमीच म्हनला व्हता ना, थुकीत औषध असतं?"

"असतं. पण धनुर्वाताची लस नसते त्यात. दंड पुढे करा."

कोरोनात गावातले एक गृहस्थ रोज फिनेलनं हात धुवायचे. कातडी सोलली, पू झाला. मॅडमनी पट्टी बांधत समजावलं, "जंतूंना अडवणारी कातडीच तुम्ही काढून टाकलीत."

"मंग आता हात धुयाचेच न्हाईत का?"

"धुवा की, साबणानं. फिनेल फरशीला ठेवा."

आणि नामदेवबाबा. त्यांच्या डोळ्यांत पाणीच बनत नसे, म्हणून डोळे सारखे लाल, चिकट. मॅडमनी दिलेली थेंबांची बाटली कायम खिशात. त्यांची बायको वारली तेव्हा सगळं घर रडलं, बाबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मेहुणा चारचौघांत म्हणाला, "म्हातारा दगडाचा हाय. माज्या बहिनीसाठी एक थेंब न्हाई."

बाबा दवाखान्यात येऊन बसले. "सिस्टर, तुमी तरी सांगा त्यास्नी."

तेराव्याला मॅडम मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. ओसरीवर बसून त्यांनी सगळ्यांना हा आजार समजावून सांगितला.

थोड्या वेळानं मेहुणा उठला, बाबांच्या समोर येऊन बसला. त्यांच्या खिशातली बाटली काढून त्यानं दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. पाणी गालांवरून ओघळलं.

बाबांनी ते पुसलं नाही.