टॉवर जागता ठेवायची पाळी

आमच्या गावात भातापेक्षा संशय जास्त पिकतो. एक खोकला की दुसरा विचारतो, "कुणाला खुणावतोयस?" त्यात मी डिप्लोमा अर्धवट सोडून आलेला, आणि नोकरी कसली, तर दिग्गीच्या वाटेवरच्या मोबाईल टॉवरची राखण! सोलर पॅनेल पुसायचं, जनरेटरमध्ये डिझेल ओतायचं. त्या टॉवरखाली बसून हे किस्से गोळा झाले. मीच सांगतो, कारण म्हातारे सांगताना नेमकं स्वतःला वगळतात.

*

भात पिवळं पडायला लागलं आणि दुपारची रेंज गायब व्हायला लागली. ओढ्यापलीकडच्या वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, तर शून्य. आमचं घर तिथंच, आणि वहिनीला नववा महिना. कळा सुरू झाल्या तर दादानं जोयड्याहून ॲम्ब्युलन्स बोलवायची कशी?

गावचे प्रमुख म्हणजे बुधवंत काका. त्यांनी चौकशी वगैरे केली नाही, थेट निकाल दिला. "डिझेल विकून खातोस!"

मी टाकी उघडून दाखवली. काठोकाठ भरलेली! काकांनी बोट बुडवलं, हुंगलं आणि म्हणाले, "पाणी घातलंय."

"काडी ओढून बघू काय?"

काका चार पावलं मागं सरकले.

*

मग रामनगरकडून इंजिनिअर आला. लॅपटॉप उघडून म्हणाला, "बिघाड काही नाही. सेव्हिंग मोड आहे. कुणी वापरत नसलं की टॉवर वीज वाचवतो. मोठी यंत्रं झोपतात, एक बारकं जागं राहतं. त्याची रेंज देवळापर्यंतच. देवळापाशी कुणी फोनवर बोलत राहिलं, तर सगळी जागी राहतात."

"आमी वापरत न्हाई, हे त्याला कोण सांगतंय?" काकांनी विचारलं.

"त्याचं त्यालाच कळतं."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "त्याला न्हवं. ह्याला!"

मोड बंद करा म्हटलं तर इंजिनिअर म्हणाला, "वरून परवानगी लागते." वरून म्हणजे कुठून, असं विचारलं तर गडी आभाळाकडं बघायला लागला. माझा तर त्याच्यावरही भरवसा नाही.

*

फोन चालू ठेवा, बोलत राहा, असं मी घरोघर सांगत फिरलो. तेव्हा उजेड पडला. म्हातारे कापणीला जाताना फोनच बंद करून ठेवतात! काकांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा फळीवर.

"चार्ज जपायला लागतोय," काका म्हणाले.

"कशासाठी?"

"कुणाचा फोन आला तर?"

"बंद फोनवर कसा येईल?"

"म्हणून तर चार्ज शिल्लक हाय!"

देवळाजवळची शांतक्का काकांच्याही पुढची. "आमी बोलायचं आणि तू टॉवरखाली बसून ऐकायचं, व्हय रे?"

म्हटलं, "अक्का, सुनेबद्दल तू जे बोलतेस ते फोनशिवायच दिग्गीपर्यंत ऐकू जातंय!"

*

शेवटी दादा गावबैठकीत उभा राहिला. "माझ्या बायकोचं काय बरंवाईट झालं, तर टॉवरला जाब विचारू काय?"

मग काकांनी फर्मान काढलं. रानडुकरांपासून भात राखायला घरटी पाळी असते, तशी टॉवरची पाळी! देवळाजवळच्या एका घरानं शेजारच्या घराला फोन लावायचा आणि दुपारभर तोडायचा नाही.

पहिली पाळी शांतक्काची आणि तिच्या जावेची. अर्ध्या तासात दोघी अंगणात उतरून हातवारे करत भांडत होत्या. पण फोन कानाला! वाड्यावर रेंज फुल्ल!

*

नियम करताना काका एक गोष्ट विसरले. त्यांच्या शेजारचं घर सख्ख्या भावाचं, तुकाप्पाचं. मी शाळेत जायच्या आधीपासून दोघांत शब्द नाही. मध्ये एक भिंत. भांडण कशावरून, हे विचारलं तर दोघंही रागावतात. मला तर वाटतं, दोघांनाही आठवत नाही.

त्यांची पाळी आली तसा मी टॉवर सोडून गावात आलो. म्हटलं, हे फोन कापणार आणि नाव माझं घेणार!

काका पडवीत बसलेले. फोन कानाला, तोंड बंद. भिंतीपलीकडं तुकाप्पा, तसाच.

"अहो, बोला तरी कायतरी!"

काकांनी फोनवर हात ठेवला. "जागं ऱ्हायचं ठरलंय. बोलायचं ठरलं न्हाई."

त्याच दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. दादानं वाड्यावरून, घरात उभं राहून फोन लावला. पहिल्याच झटक्यात लागला! गाडी आली, वहिनीला घेऊन गेली. ऊन कलताना दादाचा मला फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

मी धावत काकांकडं गेलो. दोघांचे फोन अजून कानालाच!

"काका, मुलगी झाली! ठेवा आता फोन."

"त्याला सांग आधी ठेवायला."

मी भिंतीपलीकडं गेलो. तुकाप्पा म्हणाला, "थोरला हाय न्हवं त्यो? त्यानं ठेवावा आधी."

परत आलो. काका जागचे हलले नव्हते. फोन मात्र चार्ज संपत आल्याचं टिंग टिंग करत होता.

"बघतोस काय?" काका माझ्यावर खेकसले. "चार्जर आण!"