एजंट काकांचं एक मत

गंगापूर रोडवर आम्हाला घरं दाखवणारे एजंट काका हेल्मेट घालूनच जिने चढायचे आणि प्रत्येक वाक्याला ‘लिहून घ्या’ जोडायचे. आमचं पहिलंच घर. सहकारी सोसायटीत घ्यावं की अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या इमारतीत, काही ठरेना.

“अपार्टमेंटमध्ये मोठ्या फ्लॅटवाल्याचं मत मोठं. सोसायटीत तुमच्या वन बीएचकेला एक मत आणि वरच्या पेंटहाउसलाही एकच. लिहून घ्या.”

शेवटी सोसायटीतच घेतलं, काका राहतात त्याच बिल्डिंगमध्ये. पहिल्याच सभेत मी धीर करून ठराव मांडला: गच्चीवर कुरडया वाळवू द्या. विरोधात पहिला हात वर गेला तो काकांचा, हेल्मेटसकट.

“काका, अहो!”

“तुमचं मत तुमचं, मॅडम, माझं माझं. लिहून घ्या.”

मला हसू आवरेना. ठराव एका मताने पडला, आणि सेक्रेटरींनी तो खरंच लिहून घेतला.