लारी म्हणा, ट्रक म्हणा

माझं माहेर धर्माबादकडचं. तिकडं मालाच्या गाडीला लारी म्हणतात. लग्न होऊन लातूरकडच्या मुरुडला आले तर इथं ट्रक. तिकडची मोटार इथं यष्टी झाली. फटफटी तेवढी दोन्हीकडं फटफटीच राहिली. मी लारी म्हटलं की नणंदा हसायच्या. मला राग यायचा, पण वर्षभरात माझ्याही तोंडात ट्रकच बसला.

त्या साली पाऊस नव्हता आणि लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाणी टँकरनं यायचं, कडबा ट्रकनं. एका सकाळी माझे काका मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला आले. आले ते कडब्याच्या गाडीतून. डोक्याला अजून काडी चिकटलेली होती.

"तुझी माय लई आजारी हाय," ते म्हणाले. "सारखं तुझंच नाव घेऊन राहिली. लारी रिकामी परत चालली, फाट्यावर उभी हाय. चल."

मी पातळ बदलायला उठले. सासूबाई चहा गाळत होत्या. बाई वाईट नव्हती, हे मी आजही सांगते. "पाव्हणं, लारी म्हणा न्हाईतर ट्रक म्हणा," त्या म्हणाल्या, "त्यात माल जातो. आमच्या घरची सून जात न्हाई. गाव काय म्हणंल? यष्टीनं न्या."

काकांनी मान खाली घातली. त्यांनाही ते पटलं होतं. पुतणीला मानानं न्यायला जमत नाही, याची लाज त्यांच्या तोंडावर दिसत होती. नवऱ्यानं यष्टीच्या भाड्याचे पैसे काढून दिले. मी पिशवी भरली. रात्रभर गाडी हाकून आलेला ड्रायव्हर फाट्यावर गाडीतच झोपला होता.

आम्ही पिशवी घेऊन स्टँडवर उभे राहिलो. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत सगळ्यांची कामं निघाली होती. यष्टी यायची ती भरून, आणि न थांबताच पुढं जायची. ऊन डोक्यावर आलं. शेवटी सासूबाईंनीच निरोप धाडला, ट्रकनं जाऊ द्या. तोंडावर पदर घे, एवढं मात्र बजावलं.

केबिनमध्ये मी तोंडावर पदर घेऊन खिडकीशी बसले. नांदेड मागं पडल्यावर एका हॉटेलवाल्यानं "लारी बाजूला घ्या" म्हणून आवाज दिला. एरवी तो शब्द ऐकून मला बरं वाटलं असतं. तेव्हा काहीच वाटलं नाही. बाहेर रिकामी रानं जात होती, तीही मी नुसती बघत होते.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. माय गेली होती. दिवस मावळायच्या आत उरकून माणसं परतलीही होती. पाणी नव्हतं, म्हणून सगळ्यांनी आंघोळीऐवजी तांब्याभर पाण्यावर भागवलं होतं. एक तांब्या माझ्यासाठी दाराशी भरून ठेवला होता. मी पायांवर पाणी घेतलं. रडू येत नव्हतं. बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"कशानं आलीस, बाई?" चुलतीनं विचारलं.

"लारीनं."

"मग सकाळीच बसायचं की तिच्यात," ती म्हणाली. "दुपार टळून दिवस कलेपस्तोर बोलत होती तुझी माय."